विंडोज बदललं आणि डोंगल गप्प बसला: जुना मोडेम परत बोलता कसा करायचा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" शक्य तेवढे काढून टाकलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे म्हणतील, "डोंगल? ते आता कोण वापरतं?" बरोबर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं तेच फोनवर. पण गणपतीला, दिवाळीला गावी गेलात की कुणीतरी काका, मामा, आत्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणतातच ना, "तू कॉम्प्युटरचं शिकलायस ना? जरा बघ रे हे काय झालंय." हा भाग त्या क्षणासाठी. आणि खरं सांगायचं तर या वेळी "हे काय झालंय" ते मीच केलं होतं.

झालं काय होतं

२०२३ चा सप्टेंबर. गणेश चतुर्थी १९ तारखेला होती. मी शनिवारी, १६ तारखेला मामाकडे पोचलो. मामाचं घर दापोली तालुक्यातल्या एका वाडीत, डोंगराच्या पोटात. मामा आजूबाजूच्या सात-आठ दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरून देतो. दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख २०. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, व्यवहार शून्य असेल तर २०. रक्कम मोठी नाही, पण दुकानदार मामाला पैसे देतात ते या कटकटीतून सुटण्यासाठीच. दंड बसला तर मामा तो स्वतःच्या खिशातून भरतो, कारण त्याच्या मते चूक त्याची.

मामाकडे जुना असेंबल केलेला डेस्कटॉप. त्यावर विंडोज ७. त्या वर्षाच्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ साठी नवीन आवृत्त्या देणं थांबवलं होतं आणि ब्राउझर उघडला की वर पट्टी यायची. मायक्रोसॉफ्टने तर १४ जानेवारी २०२० लाच विंडोज ७ ची साथ सोडली होती. म्हणून मी पुण्याहून जाताना ४ जीबीची एक जादा रॅम आणि विंडोज १० चा पेनड्राइव्ह घेऊन गेलो. शनिवारी रात्री सगळा डेटा बाजूला काढला, नवं विंडोज टाकलं, मामाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर परत बसवलं. कॉम्प्युटर झकास पळायला लागला. मी खूश.

रविवारी सकाळी मामाने नेहमीप्रमाणे डोंगल चालू करायला आयकॉन शोधला. आयकॉनच नाही. डोंगल लावलेला, दिवा लुकलुकतोय, पण इंटरनेट शून्य.

आता तुम्ही विचाराल, हॉटस्पॉट का नाही लावला? माझ्या फोनच्या कंपनीला त्या वाडीत अजिबात रेंज नाही, खिंडीत गेलं तरच येते. मामाकडे बटणांचा साधा फोन. घरात रेंज पकडते ती फक्त एका जागी, माळ्याच्या खिडकीत, आणि तीही बीएसएनएलची. म्हणून मामाने पाच मीटरची यूएसबी केबल माळ्यावर नेलीय आणि तिच्या टोकाला डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलाय. त्यातलं सिम मोठ्या आकाराचं, जुनं. माझ्या फोनला लागतं नॅनो. कात्रीने कापून बसवणारे लोक आहेत, पण घरातलं एकमेव चालणारं सिम वाकडं कापलं गेलं तर? ती हिंमत मी केली नाही.

मामा मला काही बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "अरे, जुनं होतं ते चाललं होतं रे." मंडळी, यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोंगल म्हणजे आत नेमकं काय असतं

दुरुस्तीकडे जायच्या आधी दोन मिनिटं हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची जोडणी आहे. कॉम्प्युटरचे शून्य-एक घेऊन ते तारेवर किंवा हवेत पाठवता येतील अशा लहरींवर चढवायचे, आणि आलेल्या लहरींतून शून्य-एक परत काढायचे, हे त्याचं काम. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा लँडलाइनला जोडलेला मोडेम फोन फिरवायचा आणि मग नेट लागायचं. तेच ते डायल-अप.

गंमत अशी की, ३जी डोंगल आतून अजून तेच करतो. कॉम्प्युटरला तो सांगतो, "मी एक टेलिफोनचा मोडेम आहे." कॉम्प्युटर त्याला म्हणतो, "मग हा नंबर फिरव: स्टार नव्व्याण्णव हॅश." खरा फोन कुणालाच लागत नाही. हा नंबर म्हणजे "मोबाइल डेटा चालू कर" असा नुसता इशारा असतो.

आणि हे बोलणं कोणत्या भाषेत होतं? एटी कमांड्स. एटी म्हणजे अटेन्शन, "इकडे लक्ष दे". ही पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून आली. डोंगलच्या कंपनीची ती रंगीत खिडकी, ज्यावर मोठं "कनेक्ट" बटण असतं, ती पडद्यामागे हेच एटीचे आदेश पाठवत असते. म्हणजे ती खिडकी नसली तरी चालतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी याच वाक्याने आम्हाला तारलं.

मग विंडोज बदलल्यावर तुटतं काय?

डोंगल तुटत नाही. तुटतो तो कॉम्प्युटर आणि डोंगलमधला दुभाषी. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या केसमध्ये तीन गोष्टी एकदम झाल्या होत्या.

पहिली: मामाचं जुनं विंडोज ३२ बिटचं होतं. त्या विंडोजला ४ जीबीच्या वर रॅम वापरता येत नाही, म्हणून मी नवीन टाकताना ६४ बिटचं टाकलं. पण ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. साधे प्रोग्राम ३२ बिटचे असले तरी चालतात, ड्रायव्हर मात्र नाही. म्हणजे मी रॅम वाढवली म्हणून डोंगल बंद पडला! असा संबंध सुचायला मला अर्धा दिवस लागला.

दुसरी: ६४ बिटचं विंडोज ड्रायव्हरवर डिजिटल सही मागतं. सही नसेल तर दारातूनच परत पाठवतं. ही सुरक्षेची गोष्ट आहे, कारण ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी आत जाऊन बसतो.

तिसरी, आणि ही सगळ्यात मजेशीर: डोंगल वेषांतर करतो. यूएसबीत घातल्याबरोबर तो स्वतःला मोडेम म्हणून ओळख देत नाही, सीडी ड्राइव्ह म्हणून देतो. हे डोंगल आले त्या काळात छोट्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसायचा, मग ड्रायव्हर द्यायचा कसा? कंपन्यांनी तो डोंगलच्या पोटातच भरून ठेवला आणि ती जागा खोटी सीडी म्हणून दाखवली. सीडीतून ड्रायव्हर बसला की तो ड्रायव्हर डोंगलला सांगतो, "आता वेष उतरव, मोडेम हो." ड्रायव्हरच चालला नाही तर डोंगल आयुष्यभर सीडी बनून बसतो. मामाच्या कॉम्प्युटरवर "माय कॉम्प्युटर"मध्ये एक जादा सीडी दिसत होती ती हीच.

पायरी पायरीने शोधायचं

अशा वेळी आपण काय करतो? दिसेल ते बटण दाबतो, पाच वेळा काढून घालतो, मग "गेला हा" म्हणून जाहीर करतो. मीही रविवारी दुपारपर्यंत तेच केलं. मग शांत बसून खालून वर जायचं ठरवलं. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: इथपर्यंत ठीक आहे का?

पायरी एक: वीज पोचतेय का? यूएसबी २ च्या पोर्टमधून साधारण ५०० मिलिअँपिअर मिळतात. रेंज कमी असली की डोंगल जास्त जोर लावतो आणि जास्त वीज ओढतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना आत वेगळी वायर गेलेली असते, तिथे गडबड जास्त. म्हणून डोंगल नेहमी मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. लांब केबल असेल तर तपासणीपुरती ती काढून थेट लावून बघा. साधी यूएसबी २ ची केबल पाच मीटरपर्यंतच ठीक, त्यापुढे भरवसा नाही. आमच्याकडे थेट लावला तरी फरक नव्हता. म्हणजे वीज ठीक.

पायरी दोन: कॉम्प्युटरला काय दिसतंय? स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. त्यात डोंगल काढा, घाला, आणि यादीत काय बदलतं ते बघा. नुसती सीडी ड्राइव्ह आली, तर वेष उतरलेला नाही. पिवळा त्रिकोण असलेली नावं आली, तर वेष उतरलाय पण ड्रायव्हर नाही. काहीच आलं नाही, तर केबल, पोर्ट किंवा खुद्द डोंगल. आमच्याकडे नुसती सीडी. त्या सीडीवर उजवी क्लिक करून "इजेक्ट" म्हटलं आणि, काय सांगू, दोन सेकंदांत सीडी गायब आणि पिवळे त्रिकोण हजर! बऱ्याच डोंगलांना इजेक्टचा आदेश म्हणजेच वेष उतरवायचा इशारा असतो. सगळ्यांना नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

आता त्या त्रिकोणावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी अशा दोन खुणा दिसतील, प्रत्येकी चार अक्षरांच्या. पहिली कंपनीची, दुसरी मॉडेलची. त्याचा फोनवर फोटो काढा. डोंगलवर बाहेरून काहीही छापलेलं असो, खरं नाव हे.

पायरी तीन: डोंगल जिवंत आहे का? ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि म्हणून दोन-दोन दिवस घालवतात. ड्रायव्हर शोधत बसण्याआधी नक्की करा की डोंगल, सिम आणि नेटवर्क हे तिघं ठीक आहेत. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर लावून बघणं. वाडीत दुसरा कॉम्प्युटर कुठून आणणार? पण माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह असतो. त्यावरून कॉम्प्युटर चालू केला, तर हार्ड डिस्कला हात न लावता वेगळीच सिस्टिम चालते.

लिनक्समध्ये यूएसबी मोडस्विच नावाची एक छोटी सोय आहे. ती असल्या डोंगलांना ओळखते आणि वेष उतरवायचा निरोप स्वतःच पाठवते. जुन्या डोंगलांचे ड्रायव्हरही लिनक्सच्या गाभ्यातच असतात, वेगळे शोधावे लागत नाहीत. मी डोंगल लावला, मिनिटभर थांबलो, खालच्या नेटवर्कच्या चिन्हातून मोबाइल ब्रॉडबँडचं नवं कनेक्शन घेतलं, देश भारत, कंपनी बीएसएनएल निवडली. आणि लागलं नेट! रविवारी संध्याकाळी सात वाजता मामाच्या त्याच कॉम्प्युटरवर, त्याच डोंगलवरून जीएसटीचं पोर्टल उघडलं.

मामा मागे उभा होता. म्हणाला, "मग मघापासून काय चाललं होतं तुझं?"

या एका चाचणीने निम्मा प्रश्न सुटला. डोंगल ठीक, सिम ठीक, रेंज ठीक. दोष फक्त विंडोजच्या बाजूला. शिवाय अजून एक गाठ सुटली. इंटरनेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, ही ती गाठ. आता लिनक्समधूनच ड्रायव्हर उतरवून घेता येणार होता.

पायरी चार: योग्य ड्रायव्हर. इथे सावधान. गुगलवर डोंगलचं नाव टाकलंत की पहिल्या पानावर "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणाऱ्या साइट्स येतात. त्यांच्या नादी लागू नका. तुम्हाला हवा असतो एक ड्रायव्हर, आणि ते तुमच्या गळ्यात आणखी चार भलत्याच गोष्टी बांधतात. शोधायच्या जागा दोन. एक, डोंगल बनवणाऱ्या कंपनीचं सपोर्टचं पान, त्यातली जुन्या मॉडेलांची यादी. दुसरी, मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. तिथे मघाशी फोटो काढलेला हार्डवेअर आयडी टाकून शोधता येतं. ६४ बिट लिहिलेलं आहे ना, एवढं बघा. विंडोज ७ साठीचा ६४ बिटचा, सही केलेला ड्रायव्हर पुष्कळदा विंडोज १० वर चालतो. आम्हाला कंपनीच्या पानावर मिळाला.

एक अडचण आली ती सांगतो, तुम्हालाही येईल. लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर फाइल टाकायला गेलो तर "फक्त वाचता येईल" असा निरोप आला. कारण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप असतं. आपण शटडाउन म्हणतो तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डिस्क स्वतःकडे राखून ठेवतं. उपाय सोपा आहे: विंडोजमधून निघताना शटडाउन नाही, रीस्टार्ट करायचं. रीस्टार्टमध्ये ते खरंच बंद होतं. तसं केलं आणि फाइल बसली.

मग विंडोजमध्ये येऊन पिवळ्या त्रिकोणावर उजवी क्लिक, अपडेट ड्रायव्हर, "ब्राउझ माय कॉम्प्युटर", आणि तो फोल्डर दाखवला. असे तीन-चार त्रिकोण असतात, प्रत्येकाला दाखवावं लागतं. यादीत "मोडेम" असं नवं शीर्षक आलं की समजा पोचलो. काही कॉम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटीमधलं "मेमरी इंटिग्रिटी" चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडतात. सहीची तपासणीच कायमची बंद करा, असा सल्ला देणारे व्हिडिओ दिसतील. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत, तिथे असलं काही करू नका.

पायरी पाच: मोडेमला हाक मारा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमवर दोनदा क्लिक, डायग्नोस्टिक्स, "क्वेरी मोडेम". हे बटण विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आहे आणि कुणी दाबत नाही. दाबल्यावर विंडोज एटी कमांड पाठवतं आणि मोडेमची उत्तरं खाली दाखवतं. आमच्या डोंगलने उत्तर दिलं: "ओके". दिवसभराच्या खटपटीनंतर ते दोन अक्षरांचं उत्तर बघून मला जे वाटलं ते तुम्हाला परीक्षेच्या निकालादिवशी वाटलं असेल.

पायरी सहा: एपीएन आणि नंबर. कंपनीची ती जुनी रंगीत खिडकी विंडोज १० वर उघडून लगेच बंद पडत होती. पण आता तिची गरजच नव्हती. विंडोजचं स्वतःचं डायल-अप आहेच. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप, "सेट अप अ न्यू कनेक्शन", त्यात इंटरनेट, मग डायल-अप. नंबर स्टार नव्व्याण्णव हॅश. युजरनेम-पासवर्ड बहुतेक वेळा रिकामे चालतात.

राहिला एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव. फोनमध्ये तो आपोआप भरला जातो म्हणून तुम्हाला माहीत नसतो. बीएसएनएलचा "बीएसएनएलनेट", इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. तो इथे कुठे टाकायचा? मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात "एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स" अशी एक रिकामी चौकट असते. तिच्यात इंग्रजीत असं लिहायचं: ए-टी, अधिकचं चिन्ह, सी-जी-डी-सी-ओ-एन-टी, बरोबरचं चिन्ह, १, स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्हांत आय-पी, स्वल्पविराम, परत दुहेरी अवतरणचिन्हांत एपीएन. कुठेही जागा सोडायची नाही. याचा अर्थ, "पहिल्या क्रमांकाच्या खात्यात हे दार लिहून ठेव." ऐकायला भयानक वाटतं, पण आहे एकच ओळ.

कनेक्ट दाबलं. एरर ६३३. म्हणजे मोडेम आधीच दुसरं कुणीतरी वापरतंय, नाहीतर नीट बसवलेला नाही. वापरत होती ती बंद पडलेली रंगीत खिडकी! समोर दिसत नव्हती, पण पडद्यामागे मोडेमचं पोर्ट धरून बसली होती. एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शकतो. ती खिडकी अनइन्स्टॉल केली, ड्रायव्हर तेवढा ठेवला, रीस्टार्ट केलं. परत कनेक्ट.

लागलं. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा.

मामाचं पुढे काय झालं

मामाने सोमवारी दुपारी बसून पाच रिटर्न भरले. मध्येच नेट अगदी मंद झालं, कारण नव्या विंडोजने नेट मिळाल्याबरोबर स्वतःचे अपडेट ओढायला सुरुवात केली. ३जीवर आणि मोजक्या डेटावर हे परवडणारं नाही. सेटिंग्जमध्ये "पॉज अपडेट्स" करून ते आठवडाभर थांबवलं. मग खिंडीत जाऊन सवडीने कसे करायचे ते बघू असं ठरलं. उरलेले दोन रिटर्न मामाने मंगळवारी रात्री भरले, गणपतीची आरती झाल्यावर. दंड कुणालाच बसला नाही.

डोंगल अर्थातच परत सुतळीने खिडकीला. डेस्कटॉपवर मी डायल-अपचा शॉर्टकट ठेवला आणि त्याला नाव दिलं "नेट". मामा म्हणाला, "आता याला हात लावू नकोस." म्हटलं, "नाही लावत मामा, तू सांगितल्याशिवाय."

सगळे डोंगल जगतात का? नाही

इथे खोटी आशा दाखवायची नाही. ड्रायव्हर मिळाला तरी हवेत त्या डोंगलला समजेल असं नेटवर्क हवं. आणि ते दर ठिकाणी, दर कंपनीचं वेगळं आहे.

जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये आलं तेच मुळी ४जी घेऊन. जिओचं सिम ३जी डोंगलमध्ये कधीच चालणार नाही, कितीही ड्रायव्हर बसवा. एअरटेलने २०२० मध्ये देशभरातलं ३जी बंद केलं. तिथे ३जी डोंगल फार तर २जीवर रांगेल, आणि २जीवर आजची वेबसाइट उघडणं म्हणजे चहा करून, पिऊन, कप विसळून परत येण्याचं काम. ज्या डोंगलमध्ये सिमच नसायचं, ते सीडीएमएवाले, त्यांची नेटवर्कंच भारतात बंद झालीत. ते खरोखर गेले. ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

म्हणून खटपटीला लागण्याआधी फोनवरून हा प्रश्न विचारा: या गावात, या कंपनीचं, या डोंगलला चालणारं नेटवर्क आज आहे का? उत्तर नाही असेल, तर दोन दिवस वाचवा आणि ४जीचा नवा डोंगल घ्या. त्यातले वायफायवाले तर स्वतःच हॉटस्पॉट देतात, कॉम्प्युटरला ड्रायव्हरची गरजच पडत नाही.

अपग्रेडच्या आधी पाच फोटो

हा प्रश्न जुना झालेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही नेहमीची साथ संपली. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. म्हणजे अजूनही ३२ बिटवर चाललेला एखादा कॉम्प्युटर बदलायला घ्याल, तर माझ्यासारखेच फसाल. आणि फक्त डोंगल नाही. जुना प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, सगळ्यांचे दुभाषी असेच असतात.

मी शनिवारी रात्री दहा मिनिटं दिली असती तर रविवार वाचला असता. म्हणून तुम्ही हे करा. विंडोज बदलायच्या आधी फोन काढा आणि पाच फोटो घ्या. एक, डोंगलच्या झाकणाखालचं मॉडेलचं स्टिकर. दोन, डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी. तीन, चालू असलेल्या खिडकीतल्या सेटिंग्जमधला एपीएन आणि नंबर. चार, विंडोज किती बिटचं आहे ते सांगणारं पान. पाच, डोंगलच्या खोट्या सीडीतल्या फाइलींची यादी, आणि जमलं तर ती सगळी सीडीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नव्या सिस्टिमचा ६४ बिटचा ड्रायव्हर आधीच शोधून, त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. मिळाला नाही तर अपग्रेड थांबवा. किमान २० तारीख उलटेपर्यंत तरी!

आणि शेवटची गोष्ट, ही टेक्निकल नाही. ज्याच्या कॉम्प्युटरला हात लावतोय त्याला आधी विचारा: "तू यावर रोज काय करतोस?" मी मामाला विचारलं असतं, तर तो पहिल्या वाक्यात म्हणाला असता, "नेट लावतो."

तुमच्या गावच्या कॉम्प्युटरचा असा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि डोंगल फेकायच्या आधी त्याला एकदा हाक मारून बघा. भेटू!